विषाची मात्रा ओळखणारा रसायनशास्त्रज्ञ

विष आणि औषध यांच्यात अनेकदा केवळ मात्रेचे अंतर असते, हे तत्त्व आपल्याकडील आयुर्वेदाने आणि पाश्चात्त्य औषधशास्त्रानेही फार पूर्वीपासून मान्य केलेले आहे. मात्र हे तत्त्व ज्याच्या अवघ्या कारकिर्दीला लागू पडावे, असा शास्त्रज्ञ विरळाच. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले कार्ल पॉल लिंक हे अशा विरळांपैकी एक होत. त्यांच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि अवघ्या सहा वर्षांत ते माणसाचे प्राण वाचवणारे औषध म्हणून मान्यता पावले. रक्त गोठू न देणे हा एकच गुण दोन्हीकडे कामी आला. म्हणूनच या औषधाचा लाभ आणि त्यापासून संभवणारा रक्तस्राव यांची फारकत करता येत नाही. लिंक यांचे चरित्र वाचताना ही गोष्ट पदोपदी जाणवते.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे आकुंचन सुसूत्रपणे न होता ते नुसतेच थरथरू लागतात, नाडी अनियमित होते, त्या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. या थरथरीमुळे वरच्या कप्प्यातील रक्त काही ठिकाणी साकळते आणि त्याची गुठळी होते. ही गुठळी निसटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघाताचा झटका येतो. हा विकार असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे पाचपट असतो. तो टाळण्यासाठी रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारी औषधे दिली जातात. रुग्ण त्यांना रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात. वास्तविक रक्त पातळ होत नाही, त्याला गोठायला अधिक वेळ लागतो, इतकेच. या औषधांच्या परंपरेचा आरंभ एखाद्या रुग्णालयात झाला नाही. तो झाला गाईगुरांच्या गोठ्यात.

कार्ल पॉल लिंक यांचा जन्म ३१ जानेवारी १९०१ रोजी इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी झाला. वडील ल्युथेरन पंथाचे धर्मोपदेशक होते. घराणे मूळचे जर्मन आणि भावंडांची संख्या दहा. कार्ल लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. अशा परिस्थितीतही १९१८ मध्ये ते मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात दाखल झाले आणि कृषी रसायनशास्त्राचा अभ्यास करून १९२५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाल्याने ते युरोपात गेले. स्कॉटलंडमध्ये शर्करा रसायनाचे जाणकार जेम्स आयर्विन, ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सूक्ष्म रासायनिक विश्लेषणाबद्दल नोबेल मिळवलेले फ्रिट्झ प्रेगल आणि झुरिक येथे पुढे नोबेलचे मानकरी ठरलेले पॉल कारर अशा तिघा गुरूंकडे त्यांना शिकता आले. अत्यल्प पदार्थ हाती असतानाही त्याची रचना शोधून काढण्याचे प्रेगल यांचे तंत्र लिंक यांना पुढे फार उपयोगी पडले. याच मुक्कामात त्यांना क्षयाने गाठले आणि काही काळ स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे विश्रांती घ्यावी लागली. क्षयाने त्यांचा पिच्छा पुढेही सोडला नाही. त्याच आजारपणातून पुढे त्यांच्या संशोधनाला एक अनपेक्षित वळण मिळाले.

१९२७ मध्ये ते मॅडिसनला परतले आणि कृषी महाविद्यालयात अध्यापन करू लागले. वनस्पतींमधील शर्करा हा त्यांचा आवडता विषय होता. रक्ताशी त्यांचा दुरान्वयानेही संबंध नव्हता. परंतु विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात गुरांचा एक विचित्र रोग पसरला होता. शिंगे कापताना किंवा गोऱ्ह्याचे खच्चीकरण करताना झालेल्या किरकोळ जखमेतून रक्त वाहत राही आणि जनावर दगावे. काही जनावरांना बाहेरून जखम नसतानाही आतल्या आत रक्तस्राव होई. कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी १९२२ च्या सुमारास या रोगाचे मूळ चाऱ्यात असल्याचे दाखवून दिले. मेथी आणि लसूणघास यांच्या कुळातील स्वीट क्लोव्हर नावाची वैरण ओलसर राहून तिला बुरशी लागली, की ती खाणारी जनावरे आजारी पडत. एकाच गंजीतील चांगले आणि बुरशी आलेले देठ वेगवेगळे करून स्कोफिल्ड यांनी ते सशांना खाऊ घातले. चांगले देठ खाणारे ससे सुखरूप राहिले, बुरशीचे देठ खाणारे मेले. पुढे नॉर्थ डकोटातील ली रॉडरिक यांनी अशा जनावरांच्या रक्तात प्रोथ्रोम्बिन हा गोठण्यासाठी आवश्यक असलेला घटक कमी पडतो, हे सिद्ध केले. मात्र चाऱ्यातील नेमका कोणता पदार्थ हे घडवतो, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

फेब्रुवारी १९३३ मधील एका शनिवारी हिमवादळाला न जुमानता एड कार्लसन नावाचा शेतकरी डीअर पार्क या गावाहून सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास करून मॅडिसनला आला. त्याला सरकारी पशुवैद्याला भेटायचे होते, पण ते कार्यालय बंद होते. दिसेल त्या उघड्या दाराने तो आत शिरला आणि योगायोगाने लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. सोबत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठणारे रक्त आणि सुमारे ४५ किलो खराब झालेली वैरण होती. लिंक यांनी त्याला जे सांगितले ते सर्वज्ञात होते. ही वैरण थांबवा आणि जमल्यास आजारी जनावरांना निरोगी जनावराचे रक्त द्या, याहून वेगळा उपाय त्या वेळी कोणाकडेही नव्हता. पण तो जागतिक मंदीचा काळ होता. खराब वैरण फेकून द्यावी आणि दुसरी विकत घ्यावी, ही ऐपत त्या भागातील शेतकऱ्यांत उरलेली नव्हती. कार्लसन रिकाम्या हाताने वादळात परत गेला. कॅनमधील रक्त मात्र प्रयोगशाळेतच राहिले. लिंक आणि त्यांचे सहायक यूजेन शोफेल यांनी त्याच दिवशी त्यावर काम सुरू केले.

चाऱ्यातील विषारी पदार्थ शोधणे हे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखेच होते. त्याचे प्रमाण अत्यल्प होते आणि त्याच्या अस्तित्वाची खूण पटवणारी सोपी रासायनिक कसोटी नव्हती. चाऱ्याचा प्रत्येक अर्क सशांना खाऊ घालून त्यांचे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचे, एवढाच मार्ग होता. सगळे ससेही सारखे नसत. काहींवर विषाचा परिणाम पटकन होई, काहींवर फारसा होतच नसे. त्यामुळे भरवशाची मोजणी तयार करण्यातच पहिली काही वर्षे गेली. रक्त गोठण्याचा वेळ अचूक मोजता आला तरच पुढचे पाऊल टाकता येते, हा धडा लिंक यांच्या चमूने तेव्हाच घेतला. सहा वर्षांच्या परिश्रमानंतर २८ जून १९३९ रोजी त्यांचे सहकारी हॅरॉल्ड कॅम्पबेल यांना शुद्ध स्फटिक मिळाले. मार्क स्टाहमन यांनी ते अधिक प्रमाणात वेगळे करण्याची पद्धत बसवली, तरीही चार महिन्यांच्या खटपटीत हाती आले ते जेमतेम १.८ ग्रॅम. चार्ल्स ह्यूबनर यांच्या साथीने त्याची रचना उलगडण्यात आली आणि १९४० मध्ये तोच पदार्थ प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झाला. त्याचे नाव डायकुमारॉल.

उलगडलेले रहस्य मोठे मजेदार होते. स्वीट क्लोव्हरला जो गोड सुगंध येतो तो कुमारिन या द्रव्यामुळे. हे द्रव्य स्वतः रक्ताला काहीही करत नाही. बुरशी लागली की त्याचे रूपांतर होते, त्याचे दोन रेणू जोडले जातात आणि जे तयार होते ते रक्ताचे गोठणे रोखते. यकृतात रक्त गोठवणारे अनेक घटक बनतात आणि त्यांना कार्यक्षम होण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. डायकुमारॉल या जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते. त्यामुळे त्याचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात आणि औषध बंद केल्यावरही तो लगेच ओसरत नाही. के जीवनसत्त्व पुरेशा प्रमाणात दिले तर हा परिणाम उलटवता येतो, हे लिंक यांच्या प्रयोगशाळेने लवकरच दाखवले. हा उतारा हाती नसता तर डायकुमारॉलची पुढची वाटचाल कठीण झाली असती. रक्तस्राव घडवणारे औषध आणि तो थांबवणारा उपाय जवळजवळ बरोबरीने हाती आले, हे रुग्णांचे भाग्यच म्हणायचे.

१९४१ पासून मेयो क्लिनिक आणि विस्कॉन्सिनचे रुग्णालय यांसारख्या ठिकाणी डायकुमारॉल रुग्णांना दिले जाऊ लागले. तोपर्यंत रक्त गोठू न देणारे हेपारिन उपलब्ध होते. पण ते टोचून द्यावे लागे. तोंडाने घेता येणारे औषध प्रथमच मिळाले होते. शस्त्रक्रियेनंतर पायात होणाऱ्या आणि फुप्फुसात जाऊन अडकणाऱ्या गुठळ्यांवर त्याचा उपयोग दिसू लागला. त्याचबरोबर रक्तस्रावाच्या घटनाही घडू लागल्या. एका रुग्णाला पुरेशी ठरणारी मात्रा दुसऱ्याला घातक ठरे. याच काळात लिंक यांच्या चमूने आणखी एक गोष्ट उघड केली. डायकुमारॉलच्या विघटनातून सॅलिसिलिक आम्ल निघू शकते, हे लक्षात आल्यावर त्यांनी त्याचा प्रयोग उंदरांवर केला आणि मोठ्या मात्रेत तेही प्रोथ्रोम्बिन कमी करते, असे १९४३ मध्ये दाखवले. अ‍ॅस्पिरिन हे याच आम्लाचे भावंड. घरोघरी डोकेदुखीवर घेतली जाणारी ही गोळी रक्तस्रावाच्या दृष्टीने निर्धोक नाही, हा इशारा त्या काळी अनेकांना पटला नाही. पुढे अ‍ॅस्पिरिन रक्तातील बिंबिकांवरही परिणाम करते, हे समजले. गुठळीरोधक औषधासोबत कारण नसताना अ‍ॅस्पिरिन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, ही बाब आता सर्वमान्य आहे.

१९४५ मध्ये लिंक यांना पुन्हा क्षयाच्या दुखण्याने गाठले आणि आरोग्यधामात पडून राहावे लागले. तेथे वेळ घालवण्यासाठी त्यांनी उंदीर नियंत्रणाच्या इतिहासाचे वाचन केले. त्या वेळी प्रचलित असलेली विषे इतकी जलद परिणाम करत, की एक उंदीर मेला की बाकीचे त्या आमिषाला तोंड लावत नसत. सावकाश काम करणारे, चव आणि वास न जाणवणारे विष हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. डायकुमारॉल त्यासाठी पुरेसे प्रभावी नव्हते. मात्र त्याच्याशी साधर्म्य असलेली सुमारे दीडशे संयुगे त्यांच्या प्रयोगशाळेत आधीच तयार होती. त्यांतील ४२ क्रमांकाचे संयुग सर्वांत सरस ठरले. विस्कॉन्सिन अल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन या विद्यापीठाशी संलग्न संस्थेच्या आद्याक्षरांना कुमारिनचे शेपूट जोडून त्याचे नाव वॉरफरिन ठेवण्यात आले. १९४८ पासून त्याची विक्री सुरू झाली आणि त्यातून मिळालेला पैसा संस्थेमार्फत विद्यापीठातील संशोधनाला उपयोगी पडला.

हे विष माणसाला औषध म्हणून द्यावे, ही कल्पना डॉक्टरांच्या पचनी पडणे कठीण होते. त्याला कलाटणी मिळाली ती एका दुर्दैवी घटनेने. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यदलात नव्याने भरती झालेल्या एका तरुणाने आत्महत्येच्या इराद्याने काही दिवस वॉरफरिन घेतले. रुग्णालयात त्याला रक्त आणि के जीवनसत्त्व देण्यात आले आणि तो पूर्ण बरा झाला. विषाची मोठी मात्रा घेतलेला माणूसही वेळीच उपचार मिळाल्यास वाचू शकतो, हे यातून दिसले. त्यानंतर वॉरफरिनचा माणसांवर पद्धतशीर अभ्यास झाला. ते डायकुमारॉलहून अधिक प्रभावी होते. १९५४ मध्ये अमेरिकेत त्याच्या वैद्यकीय वापराला मान्यता मिळाली. सप्टेंबर १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही वॉरफरिन देण्यात आले. उंदराचे औषध राष्ट्राध्यक्षाला चालते म्हटल्यावर सामान्य माणसाच्या मनातील भीती कमी झाली, यात नवल नाही.

लिंक यांचे व्यक्तिमत्त्वही त्यांच्या शोधाइतकेच चाकोरीबाहेरचे होते. मोठा बो टाय, फ्लॅनेलचा शर्ट, गुडघ्यापर्यंतची विजार आणि प्रसंगी खांद्यावर झगा असा त्यांचा वेश विद्यापीठात सर्वपरिचित होता. व्याख्यान देताना ते नाटकातील पात्राप्रमाणे रंगून जात. विचारांनी ते उदारमतवादी होते. साम्यवादाचा संशय घेऊन माणसांच्या चौकश्या होत असण्याच्या काळात डाव्या विचारांच्या विद्यार्थी मंडळांना प्राध्यापक म्हणून आधार द्यायला ते कचरले नाहीत. १९३० मध्ये त्यांचा विवाह एलिझाबेथ फेल्डमन यांच्याशी झाला. त्या शांतता चळवळीत सक्रिय होत्या. या दांपत्याला तीन मुलगे झाले. १९४६ मध्ये लिंक अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १९५५ आणि १९६० अशा दोन वर्षी त्यांना लास्कर पुरस्काराने गौरवण्यात आले. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले आणि २१ नोव्हेंबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. वॉरफरिन के जीवनसत्त्वाच्या पुनर्वापरासाठी लागणाऱ्या विकराला रोखते, ही नेमकी यंत्रणा त्याच वर्षी स्पष्ट व्हावी, हा विलक्षण योग म्हणावा लागेल.

एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांना या औषधाचा किती फायदा होतो, याचा ठोस पुरावा मात्र लिंक यांना पाहायला मिळाला नाही. झडपांचा आजार नसलेल्या रुग्णांवरील मोठ्या चाचण्या १९८९ ते १९९२ या काळात प्रसिद्ध झाल्या. वॉरफरिनमुळे पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ दोन तृतीयांशाने घटते, असे अशा चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले. दुसऱ्या बाजूला रक्तस्राव होताच. २००९ ते २०११ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत वॉरफरिन घेणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी वर्षाला सुमारे ३ जणांना गंभीर रक्तस्राव झाला. त्यातील पोटातील रक्तस्राव बहुधा आटोक्यात आणता येतो. मेंदूतील रक्तस्राव संख्येने कमी असला तरी तोच सर्वांत भयावह असतो.

हा धोका काबूत ठेवण्याचे साधन म्हणजे मोजमाप. वेगवेगळ्या प्रयोगशाळांतील तपासणीचे निष्कर्ष एकमेकांशी जुळावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआर ही समान मोजणी स्वीकारली. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हा आकडा साधारणपणे २ ते ३ दरम्यान ठेवला जातो. तो २ च्या खाली गेला तर गुठळीचे भय वाढते आणि ४ च्या पुढे गेला तर मेंदूतील रक्तस्रावाची शक्यता झपाट्याने वाढते. हा आकडा हलवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. पालक, मेथी, कोबी यांत के जीवनसत्त्व असल्याने त्यांचे प्रमाण एकदम वाढले की औषधाचा परिणाम घटतो. भाज्या सोडण्याचे कारण नाही, आहारात सातत्य हवे. क्षयावरील रिफॅम्पिसिन या औषधाने वॉरफरिनचा परिणाम कमी होतो, तर मेट्रोनिडाझोल आणि बुरशीवरील फ्लुकोनाझोल यांसारख्या औषधांनी तो वाढतो. अंगदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठरातून रक्तस्राव घडवू शकतात.

२०१० पासून डाबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान ही नवी औषधे या विकारासाठी वापरात आली. ती के जीवनसत्त्वाच्या वाटेला जात नाहीत, गोठण्याच्या साखळीतील एकेका घटकाला थेट रोखतात. त्यामुळे आयएनआरची नियमित तपासणी लागत नाही आणि मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण वॉरफरिनच्या तुलनेत साधारण निम्मे असते. तरीही रक्तस्रावाची शक्यता शून्यावर आलेली नाही. मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेले असेल तर यांची मात्राही जपून ठरवावी लागते. दुसरीकडे, धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांना आजही वॉरफरिन किंवा त्याच वर्गातील औषध लागते. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकुंचित झालेल्या रुग्णांचेही तसेच आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत संधिवातजन्य हृदयविकार आणि एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या रुग्णांमध्ये रिव्हारोक्साबानपेक्षा या जुन्या वर्गातील औषधच सरस ठरले. हा आजार भारतात अजूनही आढळत असल्याने लिंक यांचा वारसा आपल्याकडे इतिहासजमा झालेला नाही.

रक्तस्रावाच्या भीतीने अनेक रुग्ण गोळी परस्पर बंद करतात. हिरड्यातून थोडे रक्त आले, हातावर काळानिळा डाग दिसला, की घरातील मंडळीही घाबरतात. वयस्कर माणूस पडेल म्हणून औषध सुरूच करू नये, असाही विचार होतो. पण ज्या वयात रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्याच वयात पक्षाघाताचा धोकाही वाढतो. म्हणूनच २०१० मध्ये पुढे आलेल्या हॅस-ब्लेडसारख्या गुणांकन पद्धतीचा हेतू औषध नाकारणे हा नाही. अनियंत्रित रक्तदाब, मद्यपान, अनावश्यक अ‍ॅस्पिरिन आणि वेदनाशामके, अस्थिर आयएनआर अशा सुधारता येण्याजोग्या गोष्टी हुडकून त्या दुरुस्त करणे, हा तिचा खरा उपयोग आहे. काळी शौच, लघवीतून रक्त, डोक्याला लागलेला मार किंवा अचानक उद्भवलेली तीव्र डोकेदुखी यांकडे मात्र दुर्लक्ष करून चालत नाही; अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठायला हवे.

ज्या पदार्थाने गोठे ओस पाडले, त्याचा लिंक यांनी धसका घेतला नाही आणि त्याचे मारकपण नजरेआडही केले नाही. तो किती प्रमाणात काय करतो हे मोजण्यात त्यांनी वर्षे घालवली, त्याचा उतारा शोधला आणि मगच तो रुग्णांपर्यंत जाऊ दिला. गोळी कोणतीही असो, ती घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला आजही हीच शिस्त पाळावी लागते. मात्रा आणि मोजणी सांभाळली, तर बुरशी लागलेल्या वैरणीतील ते विष माणसाला पक्षाघातापासून वाचवते. ती सुटली, तर ते आपला मूळ स्वभाव दाखवायला विसरत नाही.